अद्भुताचा वसा

गेले सहा-सात महिने मी विज्ञानकथा आणि अद्भुतकथा आलटूनपालटून वाचते आहे. जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह, उर्सुला ले ग्विन यांची 'अर्थसी' मालिका, चिनी लेखक लिउ त्सिशिन यांची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम', टेड चियांग यांचा 'स्टोरीज ऑफ युअर लाइफ अँड अदर्स' हा कथासंग्रह आणि सुझॅना क्लार्क यांची 'पिरानेसी' ही त्यांतली मुख्य पुस्तके. काही पहिल्यांदाच वाचते आहे, काही बऱ्याच वर्षांनी पुन्हा. नारळीकरांकडे परत वळण्याचे कारण उघड आहे. २० मे २०२५ रोजी ते गेले, आणि त्यांच्या कथांविषयी आपण इतकी वर्षे नेमके काय बोलत आलो हे तपासून पाहावेसे वाटले.

सध्या काय वाचता, असे कोणी विचारले आणि ही यादी सांगितली, की ऐकणारा तिचे चटकन दोन ढीग करतो. नारळीकर, लिउ, चियांग हे एका ढिगात. ले ग्विन यांचे जादूगार आणि क्लार्क यांचे समुद्राने भरलेले घर दुसऱ्यात. पहिल्या ढिगाला विचारण्याचा प्रश्न ठरलेला असतो : त्यातले विज्ञान बरोबर आहे का? दुसऱ्या ढिगाला आपण काही विचारतच नाही. ती मुलांची पुस्तके, किंवा मोठ्यांनी प्रवासात वाचायची. म्हणजे एका प्रकाराला परीक्षा आहे पण ती भौतिकशास्त्राची, आणि दुसऱ्याला परीक्षाच नाही. दोन्हीकडे साहित्याची परीक्षा राहून जाते.

ही पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून वाचताना मला असे दिसू लागले की या दोन्ही प्रकारांची कसोटी मुळात एक आहे, आणि त्या कसोटीसाठी मराठीत एक जुना, घरगुती शब्द आहे : वसा. या लेखात तो शब्द समीक्षेच्या कामाला लावून पाहायचा आहे.

दोन दरवाजे

प्रथम, हे दोन ढीग आपल्याकडे कसे पडले ते पाहू. मराठी कादंबरीच्या आरंभी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) आहे. विधवांच्या स्थितीवर लिहिलेली ती कादंबरी वास्तवाला धरून होती. पण पुढची काही दशके गाजली ती तिची वाट नव्हे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) यांनी वाचकांना राजकन्या, वियोग, संकटे आणि चमत्कार यांच्या प्रदेशात नेले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' यांचा काळही साधारण हाच. आपल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात कादंबरीजोगे फारसे काही घडत नाही, अशी अडचण रिसबूडांनी प्रस्तावनेतच मांडून ठेवली होती. १८९०पासून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः येऊ लागली, आणि शेजारच्या वाड्यात, माजघरातही कादंबरीला पुरून उरेल इतके घडते हे वाचकाला कळले. हा लाभ फार मोठा होता. त्याची किंमत अशी पडली की अद्भुत प्रौढ गद्यातून बाहेर गेले. ते बालवाङ्मयात, पौराणिक नाटकात आणि पुढे पडद्यावर राहिले. ज्यूल व्हर्नसारखा लेखकही मराठीत पिढ्यान्पिढ्या पोचला तो प्रामुख्याने भा. रा. भागवतांच्या हातून, मुलांसाठी.

विज्ञानकथा प्रौढ साहित्यात आली ती दुसऱ्या दरवाजाने. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ची. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी १९७४ साली 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली आणि पहिली ठरली. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी करून नारळीकरांनी ते नाव घेतले होते, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे यांनी ही वाट रुंद केली. २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे गेले तेव्हा या प्रकाराला मानाचे पान मिळाले. मात्र या दरवाजावर पहिल्यापासून एक पाटी होती : विज्ञानप्रसार. कथेने काही शिकवावे, निदान चुकीचे शिकवू नये, ही प्रवेशाची अट होती. अट लेखकांनी आनंदाने पाळली, त्यात गैर काही नाही. पण समीक्षेने तीच अट मोजपट्टी म्हणून उचलली आणि मग खाली ठेवलीच नाही.

प्रौढ मराठी गद्यात अद्भुत उरलेच नाही असे मात्र म्हणता येत नाही. जी. ए. कुलकर्णी यांची 'रमलखुणा' (१९७५) 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथांची. त्यांतले प्रदेश कुठल्याही नकाशावर सापडणार नाहीत. 'काजळमाया'तल्या (१९७२) 'विदूषक'चे राज्यही तसेच. इंग्रजीत ही पुस्तके आज आली असती तर ती अद्भुतकथांच्या कपाटात गेली असती. आपण त्यांना रूपककथा म्हटले. नाव बदलल्याने त्यांची प्रतिष्ठा वाचली, आणि प्रौढांसाठी अद्भुत लिहिले जाते हे कबूल करण्याची वेळही टळली.

वसा म्हणजे काय

आता मूळ शब्दाकडे. श्रावणातल्या कहाण्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना त्यांची रचना सांगायला नको. दरिद्री माणसाला, टाकलेल्या राणीला, निपुत्रिक बाईला कुणीतरी वसा सांगते. वसा घेतला की दिवस पालटतात. पण तो अटींसह येतो : उतायचे नाही, मातायचे नाही, घेतलेले टाकायचे नाही. टाकला की राज्य जाते, हातचे अन्न नाहीसे होते. म्हणजे कहाणीतले अद्भुत कधी फुकट नसते. शक्ती आणि तिच्या अटी एकाच वाक्यात दिल्या जातात, आणि कथा उलगडते ती त्या अटींतून.

इथे एक खुलासा करायला हवा. पुराणातली उदाहरणे काढून 'हे सारे आमच्याकडे होतेच' असे सिद्ध करण्याचा खेळ मला खेळायचा नाही. भागवतात ककुद्मी राजा मुलगी रेवतीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकात जातो, तिथले गाणे संपेपर्यंत थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे लोटलेली असतात. या गोष्टीला सापेक्षतेचा सिद्धांत म्हणणे हे सिद्धांतावरही अन्याय करणारे आहे आणि गोष्टीवरही. गोष्टीचे मर्म काळाच्या गणितात नाही. ककुद्मीने मनात योजलेले सगळे वर, त्यांचे मुलगे, नातू, पणतूदेखील आता उरलेले नाहीत, यात आहे. वर जाता आले, पण खालचे सगळे गमावून.

वसा या शब्दाला एक काळी बाजूही आहे, आणि ती झाकून हा शब्द वापरणे बरोबर होणार नाही. कहाण्यांत वसा घेणाऱ्या बहुतेक बायका. चुकणाऱ्याही त्याच, आणि चुकीची शिक्षा भोगणाऱ्याही त्याच. अटी कोणी घातल्या, हे विचारण्याची सोय कहाणीत सहसा नसते. म्हणून या कसोटीचे दोन भाग करावे लागतात. पहिला : या कथेतल्या शक्तीची किंमत काय? दुसरा : ती किंमत कोणी ठरवली आणि कोण भरतो? पहिला प्रश्न कथा धड बांधली आहे का ते सांगतो. दुसरा प्रश्न ती कथा मोठी आहे का ते सांगतो.

हा दुसरा प्रश्न विचारणारी एक कहाणी आपल्याकडे आहे, खुलभर दुधाची. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा आहे. त्याच्या धाकाने साऱ्या गावाने घरातले सगळे दूध आणून ओतले, मुलांना आणि वासरांना थेंब ठेवला नाही. गाभारा भरला नाही. मग एक म्हातारी आली. तिने आधी घरातल्यांना पाजले, वासरांना पाजले, आणि उरलेले खुलभर दूध ओतले. गाभारा भरला. ही कहाणी पुढे पुन्हा लागणार आहे.

पानिपत जिंकल्याची किंमत

'यक्षांची देणगी'तली 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा अनेकांना आठवत असेल. तिचे इंग्रजी रूप अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही वाचले जाते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर वेगळ्याच इतिहासाच्या मुंबईत पोचतात. तिथे पानिपतात विश्वासरावांना गोळी लागलेली नाही आणि मराठे जिंकलेले आहेत. गंगाधरपंत ग्रंथालयात बसून इतिहास कुठे फुटला ते शोधतात, आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून तिच्यावर जाऊन बसतात, लोक त्यांना पिटाळतात, आणि ते परत आपल्या जगात येतात. खिशात उरते त्या दुसऱ्या जगातल्या बखरीचे फाटके पान. शेवटी राजेंद्र देशपांडे हा मित्र त्यांना कॅटॅस्ट्रोफी थिअरी आणि पुंज सिद्धांतातली अनिश्चितता यांच्या आधारे या अनुभवाची उपपत्ती सांगतो.

या कथेवर बोलताना आपण बहुधा त्या उपपत्तीवर बोलतो. आता वाचताना मला दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या. पहिली म्हणजे ते फाटके पान. हे साधन विज्ञानाचे नाही. एच. जी. वेल्सच्या 'द टाइम मशीन'चा (१८९५) प्रवासी भविष्यातून परततो तेव्हा त्याच्या खिशात दोन पांढरी फुले असतात. परीकथेतून परतणाऱ्याच्या बोटात राहून गेलेली अंगठी हे त्याचे आणखी जुने रूप. विज्ञानकथा जिथे वाचकाला खात्री पटवते तिथे ती अनेकदा परीकथेच्याच वस्तू वापरते.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची. त्या वेगळ्या मुंबईत गंगाधरपंत आधी कुठे जातात? आपला मुलगा जिथे नोकरीला आहे त्या कंपनीच्या कचेरीत. तिथे त्या नावाचा कोणी नाही. या जगात तो जन्मलाच नसेल, असा विचार त्यांच्या मनात येऊन जातो. कथेत याला मोजक्या ओळी मिळतात, मग गंगाधरपंत ग्रंथालयाकडे वळतात आणि आपणही पानिपताच्या निकालाच्या ओढीने त्यांच्यामागे निघतो. मराठी मनाची सर्वांत जुनी जखम या कथेत भरून निघते, आणि ज्या जगात ती भरते तिथे आपला मुलगा नाही. हा या कथेतला वसा आहे. नारळीकरांनी तो घातला, पण त्यावर रेंगाळले नाहीत. गंगाधरपंत विजयाचा हिशेब पूर्ण करतात, मुलाचा अर्ध्यावर सोडतात. कथा थोडक्यात मोठी होता होता राहते ती इथे. तिच्यातला पुंज सिद्धांत किती काटेकोर आहे याचा या कमी-जास्तीशी काही संबंध नाही. आपण चाळीस-पन्नास वर्षे विज्ञान तपासत राहिलो आणि लेखकाने पेरलेला सर्वांत धारदार प्रश्न वाचायचा राहून गेला.

प्रोटॉनमधले यक्ष

'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' चिनी नियतकालिकात २००६ साली क्रमशः आली, पुस्तकरूपाने २००८ साली. केन लिउ यांचा इंग्रजी अनुवाद २०१४चा, आणि पुढच्या वर्षी तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. कठोर विज्ञानाची कादंबरी म्हणून तिचा लौकिक आहे. तीन सूर्यांच्या ओढाताणीत सापडलेला ग्रह, त्यावर उमलणाऱ्या आणि जळून जाणाऱ्या संस्कृती, हे सारे खगोलगणिताच्या एका खऱ्या आणि अवघड प्रश्नावर उभे आहे. पण कथेचा पेच जिथे बसतो तिथे काय आहे? परग्रहवासी एक प्रोटॉन उलगडून पृष्ठभागाइतका पसरतात, त्यावर संगणक कोरतात, पुन्हा घडी घालून तो पृथ्वीवर धाडतात. हे 'सोफॉन' सर्व पाहतात, सर्व ऐकतात आणि शास्त्रज्ञांच्या प्रयोगांत घोळ घालतात. शब्द कणभौतिकीचे आहेत, काम मात्र यक्षाचे किंवा चेटकाचे.

मला यात तक्रार करण्यासारखे काही वाटत नाही, कारण कादंबरीचे वजन दुसरीकडे आहे. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६७ साली, ये वेन्जी ही तरुणी आपल्या प्राध्यापक वडिलांना भर सभेत मारले जाताना पाहते. चिनी आवृत्तीत हा भाग पुस्तकाच्या मध्यावर येतो, इंग्रजी अनुवादात तो आरंभी आणला आहे. पुढे तीच ये वेन्जी परग्रहाकडून आलेल्या संदेशाला उत्तर देते. उत्तर देऊ नका, असे त्या संदेशातच सांगितलेले असते. तरी ती देते. माणसे स्वतःहून सुधारणार नाहीत असे तिचे मत झालेले असते, आणि त्या मताला तिच्याकडे पुरावा असतो. एका बापाच्या खुनाची किंमत साऱ्या मानवजातीने भरायची असा हा व्यवहार. तो ठरवणारी स्वतः पोळलेली आहे, आणि भरणाऱ्यांना कोणी विचारलेले नाही. वसा आणि सूड यांतले अंतर किती बारीक आहे, हे या कादंबरीने मला दाखवले. सोफॉन खरे असते तरी त्यात भर पडली नसती.

टेड चियांग यांनी मुलाखतींतून विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांच्यात एक नेमका भेद मांडला आहे. जादूचे विश्व माणसाला ओळखते. मंत्र कोण म्हणतो, कोणत्या मनाने म्हणतो, याला तिथे महत्त्व असते. विज्ञानाच्या विश्वाला माणसाची ओळख नसते; यंत्र कुणाच्याही हातात तेच काम करते, म्हणून त्याचे कारखाने निघू शकतात. हा भेद मला पटतो. आणि नेमका म्हणूनच असे वाटते की चियांग यांची गाजलेली 'स्टोरी ऑफ युअर लाइफ' (१९९८) ही कथा या भेदाच्या सीमेवर उभी आहे. भाषाशास्त्रज्ञ लुईझ बँक्स परग्रहवासीयांची लिपी शिकते. त्या लिपीत वाक्याचा आरंभ आणि शेवट एकाच वेळी माहीत असावा लागतो, आणि ती शिकता शिकता लुईझला काळही तसाच दिसू लागतो. अजून न जन्मलेली आपली मुलगी पंचविसाव्या वर्षी डोंगर चढताना मरणार, हे तिला कळते. प्रकाश कमीत कमी वेळाचा मार्ग घेतो हा फर्माचा नियम कथेचा आधार आहे. पण हे ज्ञान मिळते ते शिकणाऱ्याचे मन बदलल्यावरच. कहाणीतल्या वशासारखी ही लिपी घेणाऱ्याला पूर्वीचा राहू देत नाही.

आई मुलीशी बोलते आहे आणि तिच्या आठवणी भविष्यकाळात सांगते आहे, या योजनेमुळे कथा विसरता येत नाही. चियांग यांच्या मांडणीत भविष्य कळणे आणि ते बदलता येणे ही दोन्ही एकत्र नांदत नाहीत, म्हणून 'मग तिने मूल होऊच का दिले' हा प्रश्न तिथे लागू पडत नाही. तरी दुसरा प्रश्न उरतोच. किंमत आईने ओळखली आणि स्वीकारली, भरली मुलीने. कथा मुलीला सारखी 'तू' म्हणते, पण तिला उत्तर द्यायला जागा देत नाही. ही उणीव आहे की हाच कथेचा चटका, हे मी अजून ठरवू शकलेली नाही.

समीकरण कोणी मांडले

वरच्या दुसऱ्या प्रश्नाची सर्वांत कडक परीक्षा दोन अमेरिकन कथांत होते. एक विज्ञानकथा, एक जवळजवळ परीकथा. दोन्ही पुन्हा वाचल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या.

टॉम गॉडविन यांची 'द कोल्ड इक्वेशन्स' १९५४ साली 'अस्टाउंडिंग' मासिकात आली. दूरच्या ग्रहावर तापाने आजारी पडलेल्या सहा माणसांसाठी लस घेऊन एक छोटे यान निघाले आहे. भावाला भेटायच्या ओढीने अठरा वर्षांची एक मुलगी त्यात लपून बसते. इंधन मोजून दिलेले आहे. तिच्या वजनाने यान कोसळेल, आणि त्याच्याबरोबर चालक, ती आणि ते सहाही जण जातील. तिला बाहेर टाकावे लागते. निसर्गनियमांना दया नसते, हा कथेचा धडा म्हणून पिढ्यान्पिढ्या शिकवला गेला. गॉडविन मुलीला वाचवण्याच्या युक्त्या शोधत राहिले आणि संपादक जॉन कॅम्पबेल हस्तलिखित परत पाठवत राहिले, अशीही हकीकत सांगितली जाते. पुढच्या वाचकांनी साधे प्रश्न विचारले. इतक्या धोक्याच्या यानाच्या दाराला कुलूप का नव्हते? नुसत्या पाटीवर का भागवले? इंधनात थोडीही शिल्लक का ठेवली नाही? हे प्रश्न निसर्गाला विचारलेले नाहीत. ते यान बांधणाऱ्यांना, काटकसर ठरवणाऱ्यांना विचारलेले आहेत. कथेतले गणित बिनचूक आहे. लबाडी आहे ती गणित मांडण्यात, आणि विज्ञान बरोबर आहे का असे विचारणाऱ्या समीक्षेला ती कधीच सापडणार नाही.

ले ग्विन यांची 'द वन्स हू वॉक अवे फ्रॉम ओमेलास' १९७३ची. ओमेलास हे सुखी नगर. त्याचे सारे सुख तळघरात कोंडलेल्या एका मुलाच्या हालांवर टिकलेले आहे. कसे, ते कथा सांगत नाही. यंत्रणा नाही, उपपत्ती नाही. गावातल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. बहुतेक जण ते मान्य करून जगतात, काही थोडे गाव सोडून निघून जातात. म्हणजे गॉडविन यांच्या कथेत विज्ञान आहे आणि प्रश्न झाकलेला आहे. ले ग्विन यांच्या कथेत विज्ञानाचा लवलेश नाही आणि प्रश्न उघड्यावर आहे.

इथे खुलभर दुधाची कहाणी पुन्हा आठवते. राजाने मुलांच्या तोंडचे दूध काढून गाभारा भरू पाहिला. हे ओमेलासचेच समीकरण. फरक इतकाच की कहाणीतला देव ते समीकरण स्वीकारत नाही. गाभारा रिकामा राहतो. म्हातारी ओमेलासमधल्या त्या थोड्यांसारखी गाव सोडून जात नाही. घरातली कामे आटोपते, वासराला पाजते आणि मग उरलेले घेऊन देवळात येते. कहाणीला हे उत्तर सोपे गेले, कारण तिच्याकडे देव होता. आधुनिक लेखकाकडे तो नाही, म्हणून ओमेलासमधून निघालेले लोक कुठे जातात हे ले ग्विन सांगू शकत नाहीत. पण प्रश्न दोन्हीकडे एकच आहे, आणि तो विचारायला आपल्याला इंग्रजी कपाटाकडे जाण्याची गरज नव्हती.

स्वतःच घातलेली अट मोडणे

'अर्थसी' मालिकेकडे मी शेवटी वळते, कारण वशाचे दोन्ही प्रश्न एकाच लेखिकेने बावीस वर्षांच्या अंतराने विचारल्याचे असे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) ही बेटांच्या जगातली गोष्ट. तिथे वस्तूचे खरे नाव कळले की तिच्यावर सत्ता चालते. मात्र जगाचा तोल आहे, आणि एका खड्याचे खरे रूप पालटले तरी तो हलतो. गेड हा तरुण जादूगार ईर्षेला पेटून मृतात्म्याला बोलावतो, आणि त्या फटीतून एक काळी छाया जगात शिरते. फट बुजवताना वृद्ध महागुरूचा प्राण जातो. पुढचे सारे पुस्तक त्या छायेपासून पळण्यात आणि मग तिचा पाठलाग करण्यात जाते. शेवटी गेड तिला नाव देतो ते स्वतःचेच. किंमत ज्याने ओढवली त्यानेच ती भरली, हिशेब चोख. १९७२च्या 'द फार्देस्ट शोअर'मध्येही तसेच. जीवन-मृत्यूमधले उघडे दार बंद करताना गेड आपली सगळी शक्ती घालवून बसतो.

इतके चोख पुस्तक लिहिल्यावर बहुतेक लेखक तिथेच थांबले असते. ले ग्विन यांनी १९९० साली 'तेहानू' लिहिली. त्यात शक्ती गेलेला गेड आहे, पण कादंबरी त्याची नाही. ती तेनारची, एका शेतकऱ्याच्या विधवेची, आणि तिने सांभाळलेल्या, आगीत अर्धी भाजलेल्या एका लहान मुलीची आहे. जादूची शाळा पुरुषांची का? पहिल्या पुस्तकात बायकांची जादू दुबळी आणि दुष्ट असल्याच्या म्हणी सहज येऊन गेल्या होत्या. त्या म्हणी कोणी केल्या? जगाचा तोल सांभाळणारे गुरू बेटावर बसलेले असताना या मुलीला कोणी सांभाळले? तोलाचा नियम ले ग्विन यांनी स्वतः घातला होता. आता तो कोणाच्या सोयीचा आहे हे त्या स्वतःच विचारतात. अनेक जुन्या वाचकांना हे रुचले नाही. त्यांना आवडती जादू परत हवी होती. मला मात्र 'तेहानू'शिवाय पहिली तीन पुस्तके अपुरी वाटतात. कहाणीतल्या बाईने श्रावणातल्या एखाद्या सोमवारी मध्येच थांबून, हा वसा नेमका कोणी सांगितला, असे विचारावे, तसे हे आहे.

'पिरानेसी'त (२०२०) क्लार्क हाच प्रश्न अगदी हळू आवाजात विचारतात. न संपणारे दालनांचे एक घर. खालच्या मजल्यांवर समुद्र, वरच्यांवर ढग, भिंतीलगत पुतळे. त्यात राहणारा निवेदक भरतीच्या वेळा मोजतो, रोजनिशी लिहितो, तिची सूची करतो, आणि तिथे सापडलेल्या मृतांच्या अस्थींना अन्नपाणी आणि कमळे वाहतो. दुसरा एक माणूस त्याच घरात गुप्त ज्ञान शोधायला येतो, त्याला घर उपसून सत्ता हवी आहे. घराची अट अशी की त्यात फार काळ राहणारा स्वतःला विसरतो. निवेदकाने ती भरली आहे. दुसरा घड्याळ लावून येतो आणि भरण्याआधी निघून जातो. शक्तीला वस्तू समजणारा आणि वसा समजणारा, अशी ही जोडी. निवेदक घरावर प्रेम करतो, हे वाचताना विलक्षण सुंदर वाटते. त्याला तिथे कोणी आणून टाकले हे कळल्यावर ते सौंदर्य सोसत नाही. आपल्या हाती दिलेली व्रते आपण किती मनापासून सांभाळतो, याने ती लादलेली होती ही गोष्ट पुसली जात नाही.

एक आक्षेप

वशाच्या कसोटीवर एक आक्षेप येईल. ही कसोटी लावली तर विज्ञानकथेतले विज्ञान बिनमहत्त्वाचे ठरत नाही का? ठरत नाही. विज्ञान अटी देते, आणि त्या अटी लेखकाला सोयीप्रमाणे वाकवता येत नाहीत, हे त्याचे मोठे बळ आहे. प्रकाशापेक्षा वेगाने जाता येत नाही म्हणून अंतराळप्रवासाच्या कथेत घरच्यांचा वियोग आपोआप येतो. तो लेखकाला उपरा चिकटवावा लागत नाही. चुकीचे विज्ञान कथेला मारते ते ती वाचकाला चुकीचे शिकवते म्हणून नव्हे. अट मोडून किंमत चुकवली जाते म्हणून. जादूच्या कथेत शेवटच्या पानावर अचानक सापडलेला मंत्र तेच करतो. दोन्हीकडे अपराध एक आहे, आणि दोन्हीकडे समीक्षकाने तो सारख्याच कडकपणे पकडायला हवा.

याचा उपयोग मला आपल्याकडच्या लेखनासाठी दिसतो. मराठी विज्ञानकथेने मूळची अट इमानाने पाळली आहे. आता तिला विज्ञानापलीकडचे प्रश्न विचारून वाचणे हा तिचा मानच ठरेल. आणि प्रौढांसाठी अद्भुत लिहू पाहणाऱ्या तरुण लेखकाला रूपककथेच्या परवान्याची गरज पडू नये. त्याने नकाशाबाहेरचे बेट लिहावे, पण त्या बेटावरच्या विहिरीचे पाणी कोण भरते हे त्याला ठाऊक असावे.

यादीतले पुढचे पुस्तक 'रमलखुणा' आहे. ते यापूर्वी मी नियती आणि प्रतीके शोधत वाचले होते, कारण तसेच वाचायला शिकवले गेले होते. या खेपेला ते अद्भुतकथा म्हणून, 'अर्थसी'च्या शेजारी ठेवून वाचायचे आहे. 'इस्किलार'च्या जगात कोणती शक्ती कोणत्या अटीवर मिळते, ती अट कोणी घातली आणि भरणारा कोण, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.